स्पोर्ट्स कार घ्यायची असेल तर आधी साठच्या वेगाला चालवून बघा

परवा रात्री पुण्याहून मामेभावाचा फोन आला. धंद्यात जम बसलाय, कर्जं फिटलीयत, आता एक मनासारखी गाडी घ्यायची आहे. मनात दोन नावं आहेत. एक, मर्सिडीजची नवी ई-क्लास. दुसरी, मुंबईत कोणीतरी विकायला काढलेली, जुनी पण नीट जपलेली पोर्शे केमन. "ताई, तुझ्याकडे दोन्ही प्रकारच्या गाड्या आहेत, तूच सांग." अर्धा तास बोलले, पण जे म्हणायचं होतं ते फोनवर नीट जमलं नाही. म्हणून इथे लिहितेय. हाच प्रश्न आणखी कोणाला पडला असेल तर त्यांनीही वाचावं.

मी गेली बारा वर्षं जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहते, ब्रेक सिस्टिमवर काम करते. घरात दोन गाड्या आहेत. रोजची ई २२० डी, २०१८ ची. आणि माझी २००७ ची पोर्शे बॉक्स्टर, म्हणजे केमनचीच छप्पर उघडणारी बहीण, २.७ लिटर इंजिन, पाच गिअर, हाताने टाकायचे. दोन्ही जुन्याच घेतल्या. बॉक्स्टर २०१७ साली १७ हजार युरोंना मिळाली. तेवढ्यात तेव्हा इथे एक साधी नवी हॅचबॅक आली असती. हा आकडा मुद्दाम सांगतेय, कारण स्पोर्ट्स कार म्हटलं की आपल्याकडे लोकांना लगेच क्रिकेटपटू आणि बिल्डर आठवतात. जर्मनीत शाळेतले शिक्षक, नर्स, सुतार अशी माणसंही दहा-पंधरा वर्षं जुनी बॉक्स्टर किंवा माझदा एमएक्स-५ हौसेने बाळगतात.

आता मुद्दा. वेगासाठी स्पोर्ट्स कार घेऊ नकोस. माझी बॉक्स्टर २४५ हॉर्सपॉवरची, शून्य ते शंभरला सहा सेकंदांहून थोडा जास्त वेळ घेते. २०२४ साली आलेली बीएमडब्ल्यूची एम५ ही चार दारांची, पाच माणसांची सेडान आहे. ७२७ हॉर्सपॉवर, शून्य ते शंभर साडेतीन सेकंदांत. सिग्नलवर ती माझ्या गाडीला मागे टाकून दिसेनाशी होईल. पण त्या एम५ चं वजन २४०० किलोंच्या वर आहे आणि माझ्या गाडीचं साधारण १३००. सगळा फरक या वजनाच्या आकड्यात आहे, आणि जाहिरातींत नेमका हाच आकडा बारीक अक्षरांत असतो.

वजन किती, याच्याइतकंच ते कुठे ठेवलंय हेही महत्त्वाचं. आपल्याकडे बायका विहिरीवरून पाण्याची कळशी कमरेवर घेऊन यायच्या. कळशी कमरेला टेकलेली असली की बाई गर्रकन वळू शकते. तीच कळशी हात लांब करून धरली तर वळताना सगळं अंग ओढलं जातं, आणि वळून थांबायचं म्हटलं तरी कळशी थांबत नाही. बॉक्स्टर आणि केमनमध्ये इंजिन पुढेही नाही आणि पार मागेही नाही, सीटच्या लगेच पाठीमागे, दोन्ही अ‍ॅक्सलच्या, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांच्या, मध्ये आहे. कमरेवरची कळशी. त्यात ते बॉक्सर इंजिन, सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे झोपलेले, त्यामुळे सगळा भार जमिनीलगत. समोरासमोरचे पिस्टन एकमेकांचे धक्के परस्पर जिरवतात, म्हणून सहा सिलिंडरचं बॉक्सर इतकं मऊ फिरतं. बॉक्सर आणि रोडस्टर (उघड्या छपराची दोन माणसांची गाडी) मिळूनच बॉक्स्टर हे नाव झालं.

कागदावर हे कोरडं वाटेल. रस्त्यावर त्याचा अर्थ असा, की स्टिअरिंग दोन बोटं फिरवलं तर गाडी दोन बोटंच वळते, आणि त्याच क्षणी वळते. माझ्या गाडीचं स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे, म्हणजे वळवायला मदत तेलाच्या दाबाची, मोटरची नाही. डांबर ओलं आहे का, वळणात बारीक खडी पडलीय का, पुढची चाकं अजून पकड धरून आहेत का, हे सगळं तळव्यांना कळतं. पुढच्या पिढीपासून, म्हणजे २०१२ पासून, बॉक्स्टरलाही इलेक्ट्रिक स्टिअरिंग आलं. तेही अचूक आहे, पण हाताला इतकं सांगत नाही. हे माझं ठाम मत आहे, आणि मी दोन्ही भरपूर चालवल्या आहेत.

आमच्या इथून तासा-सव्वातासावर बाडेन-बाडेन आहे. तिथून फ्रॉइडेनश्टाटपर्यंत ब्लॅक फॉरेस्टच्या माथ्यावरून साठेक किलोमीटरचा रस्ता जातो, बी ५००. वाटेत मुम्मेलझे नावाचं छोटं काळं तळं लागतं. या रस्त्यावर बऱ्याच ठिकाणी ७० ची मर्यादा आहे. रविवारी सकाळी सहाला, छप्पर उघडून, तिसऱ्या गिअरमध्ये साठ-पासष्टने जाताना मला जे सुख मिळतं ते ऑटोबानवर, म्हणजे इथल्या महामार्गावर, दोनशेने कधीच मिळालं नाही. ब्रेक लावायचा, टाच किंचित वळवून अ‍ॅक्सिलरेटरला स्पर्श करायचा, गिअर खाली घ्यायचा, वळणाच्या पोटात शिरायचं. सगळं बरोबर जमलं तर गाडीला एक हिसका बसत नाही. नाही जमलं तर ती लगेच सांगते. अठरा वर्षांची झालीय, तरी रोज काहीतरी शिकवते.

म्हणून भावाला माझं म्हणणं हे: केमन बघायला जाशील तेव्हा साठच्या वेगाला चालवून बघ. साठला तुला काहीच वाटलं नाही, तर ती गाडी तुझ्यासाठी नाही. दीडशेला मजा येते म्हणून घेतलीस, तर ती मजा आपल्या रस्त्यांवर एक तर बेकायदा असेल किंवा जीवघेणी.

आता ई-क्लास. तिच्याबद्दल मी जराही कमी बोलणार नाही. गेल्या डिसेंबरात कामासाठी हॅम्बुर्गला गेले, एका दमात साडेसहाशे किलोमीटर, निम्मी वाट पावसातून. पोहोचून लगेच मीटिंगला बसले. नऊ गिअर, १३० ला इंजिन जेमतेम जागं, वाऱ्याचा आवाज नाही, शंभर किलोमीटरला साडेपाच लिटर डिझेल. हे घडवणं स्पोर्ट्स कार घडवण्याइतकंच अवघड आहे. माणसाला थकू न देणं ही मोठी विद्या आहे. आई इथे आली होती तेव्हा तिच्या गुडघ्यांमुळे बॉक्स्टरमध्ये बसणं-उठणं अशक्य होतं. ई-क्लासमध्ये ती आरामात बसली, आणि झुरिकपर्यंत गप्पा मारत आली.

पण इथे एक गोष्ट लक्षात घे. मी चालवते ती ई-क्लास आणि तुला पुण्यात मिळणारी ई-क्लास वेगळ्या आहेत. २०१७ पासून चाकणमध्ये जी बनते ती लांब व्हीलबेसची. व्हीलबेस म्हणजे दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर. माझ्या पिढीत ते इथल्या गाडीपेक्षा १४० मिलिमीटर जास्त होतं, आणि ते जवळपास सगळं मागच्या माणसाच्या पायांना दिलेलं. ही गाडी मागे बसणाऱ्यासाठी आहे. यात गैर काही नाही. तुला रोज चाकणच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास काढायचा आहे, तेवढ्या वेळात तू दहा फोन करशील, ड्रायव्हर गाडी चालवेल. त्या दीड तासासाठी याहून चांगली जागा नाही. पण "मला गाडी चालवायला आवडते" म्हणून तू ती घेणार असशील, तर चुकतो आहेस. स्टिअरिंग तुझ्या हातात असेल आणि गाडी मागच्या सीटचा विचार करत असेल.

केमनचा पुण्यातला हिशोबही सांगते, कारण स्पोर्ट्स कारचं कौतुक करणारे तो सांगत नाहीत. आपल्याकडे स्पीडब्रेकरचं माप ठरलेलं आहे, १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, हळुवार चढ-उताराचं. प्रत्यक्षात सोसायटीच्या फाटकात कसे असतात ते तुला माहीत आहे. खालचं पोट घासणार, बंपरचा पुढचा ओठ फुटणार. टायर महाग, आणि पावसाळ्यातल्या खड्ड्यात एक रिम गेली की सुटा भाग बाहेरून येईपर्यंत गाडी उभी. गाडी दोन माणसांची, मुलगी मोठी होतेय. म्हणजे ती महिन्यातून तीन-चार रविवार पहाटे साडेपाचला निघणार, पसरणीचा घाट चढून पाचगणीत चहा पिऊन साडेदहाच्या आत घरी. वर्षाला सात ते नऊ हजार किलोमीटर. हे ऐकून तुझा चेहरा पडला असेल तर विषय संपला. पण हे ऐकतानाच गजर लावावासा वाटला असेल, तर मग तुला सेडान कितीही मोठी घेतलीस तरी पुरणार नाही.

अजून एक, बायकोला विचार. आणि "तुला चालेल का" असं नको, "तू चालवणार का" असं विचार. पेट्रोल पंपावर बॉक्स्टरबद्दल काही विचारायचं असलं की लोक आजही माझ्या नवऱ्याकडे बघतात. त्याला गिअरच्या गाड्या आवडत नाहीत. गाडी माझी आहे, तेल मी बदलते, आणि या प्रेमाला बाईपुरुष असं काही नसतं हे मला मनापासून सांगायचं आहे.

इथे गाडीला सीझन नंबरप्लेट घेता येते. माझी एप्रिल ते ऑक्टोबर आहे, कर आणि विमा तेवढ्याच महिन्यांचा. बाकी पाच महिने ती कापडाखाली झोपते आणि आम्ही बर्फातून ई-क्लासने फिरतो. आता टायरमध्ये हवा जरा जास्त भरून, बॅटरी चार्जरला लावून ठेवली आहे.

भावाने अजून कोणालाच पैसे दिलेले नाहीत. पुढच्या जूनमध्ये इकडे येतोय म्हणाला. ये. तेव्हा प्लेट चालू असेल. सकाळी सहाला निघू, बाडेन-बाडेनपर्यंत मी चालवीन, तिथून पुढे किल्ली तुझ्याकडे. पोर्शेत किल्ली डाव्या हाताला असते, तेवढं लक्षात ठेव.