टोपी कशी घालावी

मुलाच्या आधी त्याच्या आईला पटवा.

अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे (हेल्मेट घालून, अंगावर धावून जाऊन खेळतात तो फुटबॉल) मुख्य कोच म्हणून तुमची नेमणूक झाली असेल, तर पहिल्या दिवशी मैदानाकडे फिरकू नका. तिथे सहायक आहेत. तुम्ही विमान पकडा आणि टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जियातल्या अशा एखाद्या घरी पोचा, जिथे 17 वर्षांचा, दाराच्या चौकटीत जेमतेम मावणारा मुलगा सोफ्यावर अवघडून बसला आहे. त्याला तुमच्या संघात ओढायचं आहे; यालाच भरती म्हणतात.

पुढचं सगळं मुलगी बघायला गेल्यासारखं. पुढ्यात येईल ते खायचं, दुसऱ्यांदा मागून घ्यायचं, आजीच्या गुडघ्यांची चौकशी करायची आणि व्यवहाराचा विषय स्वतःहून काढायचा नाही. फक्त इथे तुमच्या मागे आणखी दहा स्थळं रांगेत असतात, म्हणून थोडं जास्त करावं लागतं. मिशिगनचे कोच जिम हारबॉ 2016 च्या जानेवारीत एका किकरच्या (चेंडूला लाथ मारण्यापुरता मैदानात येणारा खेळाडू) घरी रात्रीच्या मुक्कामालाच गेले. त्याच महिन्यात दुसऱ्या एका मुलाकडे गेले असताना ते झाडावर चढले. बावन्न वर्षांचा, लाखो डॉलर पगार घेणारा माणूस. दोन्ही मुलं मिशिगनला आली. तेव्हा झाडावर चढायचा सराव आतापासूनच करा.

जेवणं झाली की आवाज जड करून सांगा, "बाई, आमचा संघ म्हणजे एक कुटुंब आहे. चार वर्षं तुमचा मुलगा माझा मुलगा." नजर आईच्या डोळ्यांत, फोन मात्र खिशात थरथरत ठेवा. तो तुमच्या एजंटचा असू शकतो. कोच ब्रायन केली यांनी 2021 च्या नोव्हेंबरात नोटर डेम विद्यापीठ सोडलं, तेव्हा संघ 11 सामने जिंकून अजून राष्ट्रीय विजेतेपदाच्या शर्यतीत होता. मुलांचा निरोप त्यांनी सकाळी घेतलेल्या काही मिनिटांच्या बैठकीत घेतला. दोन-तीन दिवसांत ते लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या (एलएसयू) प्रेक्षकांपुढे कुटुंबाबद्दल बोलत होते, आणि तेही खास दक्षिणी हेल काढून. गृहस्थ मूळचे मॅसॅच्युसेट्सचे. पण भरती करायची तर जीभ वळवावीच लागते; पुढे ते भरतीला आलेल्या मुलांबरोबर नाचलेही. करार 10 वर्षांचा होता. 2025 च्या ऑक्टोबरात एलएसयूने त्यांना घरी पाठवलं.

खेळाडूला मात्र असं मन मानेल तसं जाता येत नसे. संघ बदलला की साधारण एक हंगाम बाहेर बसायचं, हा नियम 2021 पर्यंत होता. योग्यच होतं. एकनिष्ठा शिकवायचं हेच वय.

आता 'ऑफर', म्हणजे स्कॉलरशिप देऊ करणं. ती जितक्या लवकर द्याल तितकं बरं. कोच लेन किफिन 2010 मध्ये टेनेसी विद्यापीठाला एकाच हंगामात रामराम ठोकून सदर्न कॅलिफोर्नियाला आले आणि काही आठवड्यांतच त्यांनी एका 13 वर्षांच्या क्वार्टरबॅकला (चेंडू फेकून डाव चालवणारा खेळाडू) स्कॉलरशिप देऊ केली. पोरगा सातवीत. त्याने हो म्हटलं, पेपरात आलं, कौतुक झालं. तो कॉलेजच्या वयाचा होईपर्यंत किफिनच उरले नव्हते: 2013 मध्ये सामना हरून परतताच विद्यापीठाने त्यांना विमानतळावरच कामावरून काढून टाकलं. मुलगा शेवटी वेस्ट व्हर्जिनियाकडून खेळला, तेही क्वार्टरबॅक म्हणून नाही तर चेंडू झेलणारा म्हणून, आणि उत्तम खेळला. म्हणजे नुकसान कुणाचंच झालं नाही, बघा.

ऑफर दिल्याने ती पाळायला लागते असा समज असेल तर तो आधी काढून टाका. तोंडी होकार दोन्हीकडून तोंडीच असतो. वर्षानुवर्षं एका संघाला 85 स्कॉलरशिपची मर्यादा होती, आणि एका वर्षात साधारण 25 नवी मुलं घ्यायची. मिसिसिपी विद्यापीठाचे कोच ह्यूस्टन नट यांनी 2009 मध्ये 37 जणांच्या सह्या घेतल्या. जास्तीचे 12 कुठे बसणार? काही जण मार्कांत नापास होतील, एखाद्याचा गुडघा जाईल, उरलेल्यांना समजुतीच्या स्वरात सांगायचं, "तू जानेवारीत ये." नट यांच्यामुळे पुढे नियम कडक झाला. एखाद्या नियमामागे आपलं नाव लागावं, याहून मोठा सन्मान या धंद्यात नाही.

नियमांचा आदर करा. त्यांचं पालन ही वेगळी गोष्ट. कॉलेज खेळांची शिखर संघटना एनसीएए फार बारीक नजर ठेवते. काही वर्षं असा नियम होता की खेळाडूला कॉलेजने खायला फळं, सुकामेवा आणि बेगल (मधे भोक असलेला वाटोळा पाव) दिला तर चालेल. पण बेगलवर क्रीम चीज लावलं की ते जेवण ठरे, आणि जेवणाचे नियम निराळे. चिजावर एवढं लक्ष असताना पाकिटांकडे कोण बघणार? डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात खेळाडूंना नियम मोडून महिन्याचे हप्ते चालू होते. ते उघडकीला आल्यावरही, दिलेला शब्द मोडायचा नाही म्हणून, ते हळूहळूच बंद करायचं ठरलं. याला मान्यता देणाऱ्यांत आपण होतो, असं 1987 मध्ये खुद्द टेक्सासचे गव्हर्नर बिल क्लेमेंट्स यांनी कबूल केलं. ते विद्यापीठाच्या मंडळाचे अध्यक्ष राहिलेले. त्या वर्षीचा अख्खा हंगाम एनसीएएने रद्द केला. मुलांना दिलेला शब्द पाळल्याचं या क्षेत्रातलं हे दुर्मीळ उदाहरण, आणि शिक्षाही बघा केवढी झाली.

आता तो त्रास नाही. 2021 च्या जुलैपासून खेळाडू आपल्या नावाचे आणि चेहऱ्याचे पैसे घेऊ शकतो. 2025 पासून विद्यापीठ स्वतःच सगळ्या खेळांतल्या खेळाडूंना मिळून पैसे वाटू शकतं; पहिल्या वर्षी मर्यादा 2 कोटी 5 लाख डॉलरची होती. तुम्ही या बदलाबद्दल दुःखी दिसायला हवं. माइक समोर आला की म्हणा, पूर्वी मुलं खेळावरच्या प्रेमाने यायची. 2022 च्या मे महिन्यात अलाबामा विद्यापीठाचे तेव्हाचे कोच निक सेबन यांनी, ज्यांचा स्वतःचा वार्षिक पगार कोटभर डॉलरच्या घरात होता, जाहीरपणे म्हटलं की टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने आपला प्रत्येक खेळाडू विकत घेतला. ए अँड एमचे कोच जिंबो फिशर भडकले, पत्रकार परिषद घेतली, आपल्या एकेकाळच्या बॉसचे वाभाडे काढले. फिशर यांची ती भरती देशात पहिल्या क्रमांकाची, आजवरची सर्वोत्तम म्हणून गाजलेली. त्या मुलांना घेऊन संघाने हंगामात 5 सामने जिंकले आणि 7 हरले. पुढच्या वर्षी फिशर यांना काढलं, आणि करार मोडल्याबद्दल त्यांना साडेसात कोटी डॉलरहून जास्त रक्कम देणं लागलं. न खेळवण्याबद्दल! पोरांच्या हावरटपणाने खेळाची वाट लागली ती अशी.

पैशाचं आश्वासन देताना आकडा सढळ असू द्या, सही मात्र दुसऱ्या कुणाची. 2024 मध्ये एका क्वार्टरबॅकने फ्लोरिडा विद्यापीठाच्या कोचवर आणि एका धनवान पाठीराख्यावर दावा ठोकला की 1 कोटी 38 लाख 50 हजार डॉलरचा शब्द देऊन तो फिरवला गेला.

शेवटी येतो तो टेबलाचा सोहळा. शाळेच्या जिममध्ये कॅमेरे, टेबलावर चार-पाच विद्यापीठांच्या टोप्या, मागे नातेवाईक. मुलगा एका टोपीला हात लावतो, म्हणजे ते विद्यापीठ निवडतो, बाकीच्या चार राज्यांत शिव्या सुरू होतात. आईला पटवा असं मी सुरुवातीला का म्हटलं, ते इथे कळतं: 2018 मध्ये मुलाने फ्लोरिडाची टोपी उचलली तेव्हा अलाबामाचा पोशाख घालून शेजारी बसलेली आई उठून चालती झाली. (मग परतली, मिठीही मारली.) आणि 2008 मध्ये नेवाडातल्या एका मुलाने अख्ख्या शाळेसमोर टोपी निवडली, टाळ्या घेतल्या, नंतर कळलं की त्याला कुठल्याच विद्यापीठाने विचारलं नव्हतं. त्या मुलाला सगळे हसले. 37 जणांच्या सह्या घेणाऱ्याला कुणी हसलं नाही.

तुमची टोपी टेबलावरच राहिली, तरी मन खट्टू करून घेऊ नका. मुलाला अभिनंदनाचा मेसेज टाका, आईलाही टाका, नंबर पुसू नका. सह्या डिसेंबरात होतात, आणि संघ बदलायचं पोर्टल जानेवारीत उघडतं.