बॅरेटोची बदली

लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसणाऱ्या माणसाचे अर्धे शरीर अधांतरी असते, त्यामुळे उरलेल्या अर्ध्याला तो शेजाऱ्याच्या चौकशीचा आधार देतो, हे माझे मत गेल्या रविवारी पक्के झाले. माझ्या अंगात महिंद्रा युनायटेडचा विटलेला लाल टी-शर्ट होता. धुण्यात 'युनायटेड' जवळजवळ गेले असून 'महिंद्रा' तेवढे ठळक उरले आहे.

"कंपनीत का आपण?" शेजारच्या गृहस्थांनी विचारले आणि उत्तराची वाट न पाहता, गावी धाकट्या भावाला ट्रॅक्टर घ्यायचा आहे, स्टाफ डिस्काउंट किती बसतो, हेही विचारून घेतले.

हा फुटबॉल क्लब होता, असे मी सांगितले.

"म्हणजे कंपनीचे फुटबॉल खाते."

"खाते नव्हे, क्लब. 2010 मध्ये बंद केला."

"अरेरे! मग तुम्हाला दुसऱ्या खात्यात सामावून घेतले, की व्हीआरएस दिली?"

व्हीआरएसचे नाव निघताच समोरच्या बाकावरची वर्तमानपत्रे खाली आली आणि चार अनोळखी माणसे माझ्याकडे हळहळून पाहू लागली. ती हळहळ योग्य जागी वळवावी म्हणून मी म्हणालो, "आमचा ब्राझीलचा बॅरेटो तर त्याआधीच मोहन बागानला परत गेला होता."

"बदली?"

"तसेच म्हणा."

"थेट कोलकात्याला! कुटुंब इथेच ठेवले असेल."

"बदलीत मुलांच्या शाळेचे फार हाल होतात," दारात लटकलेल्या एकाने पुस्ती जोडली.

वास्तविक बॅरेटोचे जाणे मी केव्हाच पचवले होते. खेळाडू जातात, आपण चार दिवस शिव्या देतो आणि नव्या नावावर जीव लावतो. पण क्लबच निघून गेला तर शिव्या कोणाच्या नावे घालायच्या? 2005-06 च्या हंगामात प्रशिक्षक डेरिक परेरांच्या या संघाने फेडरेशन कपही जिंकला आणि नॅशनल फुटबॉल लीगही. मुंबईच्या क्लबाने ही लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ. युसिफ याकुबूने गोल केला की कूपरेज मैदानावरची आम्ही मोजकी मंडळी घसे बसेपर्यंत ओरडायचो, आणि बाहेर रस्त्यावर कोणाला त्याचा पत्ताही नसे. आज माझ्या सोसायटीतली पोरे मँचेस्टरच्या राखीव गोलरक्षकाचे वय तोंडपाठ सांगतात आणि मला म्हणतात, "काका, मुंबई सिटी आहे ना, तिला सपोर्ट करा." म्हणजे घरचे माणूस गेल्यावर शेजारच्यांनी तेराव्यालाच स्थळ सुचवावे, तसे. मुंबई सिटीने इंडियन सुपर लीग जिंकली, कौतुक आहे. पण तिचा रंग निळा आहे, आणि या वयात नवा रंग माझ्या अंगाला लागणार नाही.

एवढे सगळे लोकलमध्ये बोलता येत नाही. म्हणून अब्रू राखण्यापुरते मी म्हणालो, "आमच्या मधल्या फळीत खेळलेला खालिद जमील आज भारतीय संघाचा प्रशिक्षक आहे."

गृहस्थ प्रथमच गंभीर झाले. त्यांनी माझा मोबाईल नंबर मागून घेतला, मिस्ड कॉल देऊन तो खरा असल्याची खात्री केली आणि दादरला उतरले. काल सकाळी त्यांचा संदेश आला: "नमस्कार साहेब. 45 एचपीच घ्यायचा ठरला आहे. जमील साहेबांच्या कानावर घातलेत का?"