शेणखताने जमिनीतलं शिसं जात नाही

"जमीन कितीही विषारी असू द्या. शेणखत, कंपोस्ट, गांडूळखत भरपूर घाला, एका हंगामात सगळं विष नाहीसं होतं," असा संदेश शेतीच्या आणि गच्चीबागेच्या गटांत फिरतोय. सेंद्रिय कचऱ्याने प्रदूषित माती सुधारता येते, हे खरं आहे. म्हणूनच मला हा संदेश जास्त घातक वाटतो. त्यावर विसंबून माणसं अशा मातीत पालक लावतील आणि मुलांना खाऊ घालतील.

"सगळं विष नाहीसं होतं." शिसं, कॅडमियम, पारा ही मूलद्रव्यं आहेत, कोणताही जिवाणू त्यांचं विघटन करू शकत नाही. कंपोस्टमधला ह्युमस, म्हणजे पूर्ण कुजलेला काळसर सेंद्रिय भाग, शिसं-कॅडमियम धरून ठेवतो, त्यामुळे ते मुळांपर्यंत कमी पोचतं, इतकंच. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात बंकर हिलची शिसं गाळणारी भट्टी १९८१ साली बंद पडली, तेव्हा आजूबाजूचे डोंगर उजाड झाले होते. पुढे तिथल्या उघड्या जमिनीवर सांडपाण्याचा गाळ आणि लाकडाची राख पसरली. राखेने आम्लता उतरली, गाळाने अन्नद्रव्यं दिली, धातू बांधले गेले आणि गवत उगवलं. काम मोलाचंच, पण धातू मातीतच राहिले. सेंद्रिय पदार्थ कुजून संपले किंवा माती पुन्हा आम्लधर्मी झाली, तर बांधलेला धातू सुटू शकतो.

"कोणत्याही विषावर चालतं." क्रोमियमची रसायनं बनवणाऱ्या कारखान्यांच्या कचऱ्यातल्या षट्संयुजी क्रोमियमवर, म्हणजे त्या धातूच्या जास्त विषारी रूपावर, खरंच चालतं: सेंद्रिय पदार्थ त्याचं कमी विषारी त्रिसंयुजी रूप करतात. आर्सेनिकचं मात्र उलटंही होतं. खतातलं फॉस्फेट त्याला मातीच्या कणांवरून ढकलून मोकळं करतं. पाणी साचलेल्या भातखाचरात कुजणारं खत प्राणवायू संपवतं, लोहाची संयुगं विरघळतात आणि त्यांना चिकटलेलं आर्सेनिक पाण्यात येतं. बंगालसारख्या आर्सेनिकग्रस्त भागात हा सल्ला द्यायची माझी तरी हिंमत होणार नाही.

"तेल सांडलं तरी चालतं." हो, इथे विष खरोखर मोडतं. दिल्लीच्या 'टेरी' संस्थेचं 'ऑइलझॅपर' हे तेल खाणाऱ्या जिवाणूंचं मिश्रण, आणि त्याला आधार मक्याच्या दाणे काढलेल्या कणसांच्या भुकटीचा. पण जिवाणूंना हवा, ओल आणि नत्र लागतं. नुसता भुसा किंवा उसाची चिपाडं टाकली, तर ती कुजतानाच असलेलं नत्र ओढून घेतात आणि काम मंदावतं.

"खत नैसर्गिक, म्हणून निर्धोक." तसं असतं तर शहरी कंपोस्टमध्ये किलोमागे शिसं १०० आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, अशी मर्यादा आपल्या कायद्याला घालावी लागली नसती. गांडूळही कॅडमियम पचवून संपवत नाही, ते त्याच्या शरीरात साठतं.

शेतकऱ्याला सरकारकडून मिळणाऱ्या माती तपासणीच्या अहवालात, म्हणजे मृदा आरोग्य पत्रिकेत, १२ घटक तपासतात. त्यात शिसं, कॅडमियम, आर्सेनिक नसतात. जमिनीजवळ जुनी भट्टी किंवा बॅटऱ्या फोडण्याची जागा असेल, तर प्रयोगशाळेकडे जड धातूंची तपासणी वेगळी मागा. अहवाल येईपर्यंत तिथे पालेभाज्या आणि कंद लावू नका.