तारेवरचं दूरदर्शन

ऐंशीच्या दशकात पुण्यात दिशा कळायला होकायंत्र लागत नसे. मान वर करून कौलांकडे बघितलं की झालं. झाडून सगळ्या अँटेना नैर्ऋत्येला, सिंहगडाकडे तोंड करून उभ्या असत. मुंबई दूरदर्शन १९७२ च्या गांधीजयंतीला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी गडावरच्या मनोऱ्यामुळे ते पुण्यातही दिसू लागलं. दिसू लागलं म्हणजे ज्यांचं स्वतःचं छप्पर होतं त्यांना. आम्ही पडलो भाडेकरू.

पेठेतल्या वाड्यात तळमजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या, दोन्ही पूर्वेकडे तोंड करून. म्हणजे सिंहगड पाठीमागे, आणि मध्ये मालकांची अख्खी माडी. सोसायटीचं कर्ज काढून वीस इंची कृष्णधवल संच घेतला होता, लाकडी शटरचा, त्याला कुलूपसुद्धा होतं. पोस्टात पन्नास रुपये भरून परवाना काढला होता. त्यामुळे पडद्यावर रोज संध्याकाळी ज्या मुंग्या दिसत, त्या आम्ही सरकारच्या रीतसर परवानगीने बघत होतो.

मालकांना सगळा वाडा अप्पा म्हणे. त्यांच्याकडे अर्ज घेऊन गेलो.

"अप्पा, माडीच्या कौलांवर एक छोटी अँटेना लावू का?"

"कौलं फुटतात."

"फुटली तर मी बदलून देतो."

"तेच नकोय मला," अप्पा म्हणाले.

हे नीट समजायला तेव्हाचा मुंबई भाडे नियंत्रण कायदा माहीत हवा. कायदा १९४७ चा आणि त्यातलं प्रमाण भाडं १९४० च्या भाड्यावर बेतलेलं. समोरच्या सोप्यातले बिऱ्हाडकरू महिना अठरा रुपये भरत आणि वर पावती नीट वाचून घेत. अप्पांचं निम्मं आयुष्य लघुवाद कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यात गेलं होतं, त्यामुळे त्यांना खिळ्यातसुद्धा पुरावा दिसे.

"आज अँटेना लावाल," ते शांतपणे म्हणाले, "उद्या ती वाऱ्याने फिरली म्हणून माडीवर चढाल. परवा तुमचा वकील म्हणेल, जिन्याची वहिवाट आहे. त्यापेक्षा तुम्ही आमच्याकडे या की बघायला."

दोन-तीनदा गेलोही. चित्र झकास होतं. पण त्यांच्याकडे बसलं की बातम्यांत सिमेंटचा भाव आला रे आला की अप्पा वाड्याच्या डागडुजीवर बोलायला लागत आणि नजर आमच्याकडे असे. नाइलाजाने आम्ही स्वावलंबनाकडे वळलो.

आधी संचावर ठेवायची व्ही आकाराची अँटेना आणली. आता या लहरींचा स्वभाव असा, की त्या साधारण सरळ रेषेत चालतात. गडावरून निघालेल्या लहरी आमच्या मातीच्या दीड हात जाड भिंतींपाशी येऊन टेकत. ज्या काही आत शिरत त्या कुठल्या तरी इमारतीवर आपटून, लांबून फेरा मारून येत. तीनशे मीटरचा फेरा पडला की एक मायक्रोसेकंद उशीर. तेवढ्यात पडद्यावर डावीकडून उजवीकडे रेघ ओढणारा किरण जवळपास पाऊण सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. म्हणून बातम्या देणाऱ्या बाईंच्या खांद्याशी, आमच्या उजव्या हाताला, त्यांचीच एक फिकट बहीण कायम उभी असे. दोघी एकदमच नमस्कार करत. त्यात मध्येच चित्र वर वर धावू लागे. मग मागे हात घालून व्हर्टिकल होल्डचं बटण चाचपायचं. थोडक्यात, गड यायचा पण चित्र जायचं.

तोडगा काढला माझ्या मेहुण्याने. हा पॉलिटेक्निकला होता आणि तिसऱ्या खोलीअभावी आमच्या संचाखालीच झोपत असे. त्याने सांगितलं की कौलांवरची ती दांड्यादांड्यांची अँटेना १९२६ ची, जपानी आहे. बरंचसं काम उदा नावाच्या माणसाने केलं आणि जगभर नाव झालं त्याचे वरिष्ठ यागी यांचं. हे सांगताना तो माझ्याकडे का बघत होता ते मला नंतर कळलं.

आमच्या मागच्या बोळात कपडे वाळत घालायची तार होती. चांगली वीस-बावीस फूट, जस्ताची, मालकांनीच ठोकलेल्या दोन खुंट्यांना ताणलेली. मेहुण्याने चपट्या वायरीचं एक टोक सोलून या तारेला गुंडाळलं, दुसरं खिडकीतून आत आणून संचाला जोडलं, आणि ओरडला, "आलं का?"

आलं होतं! बहीण गेली होती. एकट्या बाई, स्वच्छ, कुंकवासकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी नऊवारी धुतली आणि संध्याकाळी पुन्हा मुंग्या. बऱ्याच निरीक्षणांती नियम हाती लागला तो असा: बनियन, टॉवेल, लंगोट यांचं दूरदर्शनला वावडं नाही. पाचवारी ओली असेल तर आवाज येतो, चित्र येत नाही. ओल्या नऊवारीपुढे सिंहगडाचा मनोराही हतबल आहे. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "मी काय बातम्या बिघडू नयेत म्हणून पारोशी बसू?" शेवटी धुणं पहाटे पाचला धुवायचं ठरलं. शेजारच्या बिऱ्हाडात त्यावरून आमच्या धार्मिकतेबद्दल आदर वाढला.

पण पावसाळ्यात पहाटेचं धुणंही वाळत नाही. आणि २५ जून १९८३ नेमका पावसाळ्यात आला.

लॉर्ड्सवर विश्वचषकाचा अंतिम सामना, भारत सर्वबाद १८३. समोर वेस्ट इंडीज, साठ षटकं हातात. आमच्या खोलीत निम्मा वाडा, कारण अप्पा रात्री दहाला दार लावून घेत. तारेवरचं धुणं काढून घरात ठिकठिकाणी टाकलं होतं, एक परकर तर संचाच्या शटरवर होता. तरी तार ओली ती ओलीच. मेहुणा ती पुसायला बोळात गेला आणि त्याने फडक्यासकट तिला हात लावला मात्र, पडदा लख्ख झाला.

"हलू नकोस!" वीस गळे एकदम.

त्याने हात काढला, मुंग्या. लावला, रिचर्ड्स. मग प्रश्नच उरला नाही. त्याला छत्री दिली, उभं राहायला पाट दिला, मधूनमधून चहाही पोचवला. डाव्या हाताला कळ लागली की उजवा लावायचा, पण षटक संपल्यावर, अशी तंबी होती. मदनलालच्या चेंडूवर रिचर्ड्सने उंच टोलवला, कपिल पाठमोरा धावत गेला आणि झेल घेतला तेव्हा घरात जी आरोळी उठली, ती ऐकून मेहुण्याने बाहेरून विचारलं, "काय झालं?" कोणी सांगेना. त्यानेही आनंदाने दोन्ही हात वर केले, आणि रिप्ले आमच्या कोणाच्याच नशिबी आला नाही. त्याला ती रात्र अजून आठवते, पण मॅच नाही. वेस्ट इंडीज १४० वर संपली हे त्याने दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं.

मध्यरात्री झालेला गलका माडीवर पोचल्यावाचून राहिला नव्हता. सकाळी अप्पा बोळात आले, तार बघितली, वायर बघितली, वायर खिडकीतून कुठे जाते ते वाकून बघितलं, आणि एक शब्द न बोलता वर गेले.

पहिल्या तारखेला भाड्याची पावती आली. खाली लाल शाईत, टपोऱ्या अक्षरात जादा ओळ होती: 'मागील बोळातील तार मालकाची असून ती फक्त कपडे वाळत घालण्यासाठी वापरण्यास दिली आहे.'

मी पावती उलटसुलट बघितली आणि जिन्याच्या तळाशी उभं राहून, वहिवाट होणार नाही इतपत अंतर ठेवून, वर हाक मारली, "अप्पा, कसले कपडे ते लिहायचं राहिलंय. नऊवारी धरायची का?"