इरईचं पाणी कुठून येतं?

चंद्रपूरकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सारांश असा: ताडोबाभोवतीचं सरकारी जंगल नुसतं पडून आहे, खाली कोळसा आहे, तो काढला तर वीज मिळेल, पोरांना नोकऱ्या मिळतील, आणि खाण संपली की पुन्हा झाडं लावता येतील. वाघ काय पोट भरतो?

‘नुसतं पडून आहे’ म्हणणाऱ्याने मे महिन्यात पहाटे बफरमधल्या, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या पट्ट्यातल्या, कुठल्याही गावात यावं. अंधारातच बाया विडीची तेंदूपानं तोडायला निघतात. ऊन चढल्यावर अख्खं घर ओसरीवर बसतं आणि 70-70 पानांचे पुडे बांधतं. लहान पोरंही पानं मोजतात. त्याआधी मोहफुलं वेचून झालेली असतात. शिवाय ताडोबाच्या मोहर्ली गेटवर गाइड, जिप्सीवाले, चहावाले. वाघ पोट भरतो का, हे त्यांनाच विचारा.

‘वीज मिळेल.’ यावर जरा सविस्तर बोललं पाहिजे. आपलं 2920 मेगावॉटचं महाऔष्णिक वीज केंद्र पाणी घेतं इरई धरणातून. चंद्रपूर शहरही तेच पितं. धरणाचं बॅकवॉटर मोहर्लीपर्यंत गेलंय, आणि इरई नदी येते ताडोबाच्या पश्चिमेच्या अंगाने. पावसाचं पाणी धरून, मुरवून हळूहळू खाली सोडणारं जंगल ते हेच. 2010 च्या उन्हाळ्यात इरई आटलं तेव्हा केंद्राचे संच बंद ठेवावे लागले होते, तेही कोळशाअभावी नव्हे, पाण्याअभावी! वीज हवी म्हणून हे जंगल खोदायचं, म्हणजे विहिरीत उतरून तिचाच झरा बुजवायचा.

आणि इथला कोळसा नाही काढला तर वीज अडते, हेही खरं नाही. गोंदियाकडच्या तिरोड्याच्या वीज केंद्रासाठी ताडोबालगतचा लोहाऱ्याचा कोळसा हवा होता. 2009 मध्ये चंद्रपूर जिल्हा त्याविरुद्ध उभा राहिला, ती खाण झाली नाही. तिरोडा केंद्र मात्र उभं राहिलं, 3300 मेगावॉटचं, दुसरीकडच्या कोळशावर.

नोकऱ्या मिळतात, नाही असं नाही. पण उघड्या खाणीत बहुतेक काम यंत्रं करतात, आणि कोळसा संपला की तेही थांबतं. तेंदू दरवर्षी फुटतो.

राहिलं ‘पुन्हा झाडं लावू’. चंद्रपूरला लागून असलेल्या दुर्गापूरकडचे खाणीच्या मातीचे ढिगारे बघून या. साग नाही, बांबू नाही, मोह तर नाहीच. माजलीय ती वेडी बाभूळ. वाघ-बिबटे त्या झुडपांत येऊन राहतात, वस्तीला अगदी खेटून. 2022 मध्ये वीज केंद्राच्या आवारातच वाघाने एका कामगाराचा जीव घेतला. तेंदूच्या हंगामात पानं तोडणाऱ्या बायाही वाघाच्या हल्ल्यात मरतात, त्या प्रत्येक घरचं दुःख मोठं आहे. पण जंगल आणखी तोडलं तर तो वाघ जाईल कुठे? आपल्याच दाराशी येईल.