परदेशी निघालेल्या नवडॉक्टरांस काही नम्र सूचना

एमबीबीएस होऊन, इंटर्नशिप आटोपून पुढील शिक्षणासाठी परदेशी जाण्याचा आपला बेत पक्का झाला असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. मेळघाटातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात बावीस वर्षे काढल्यामुळे या विषयावर मार्गदर्शन करण्याचा थोडाफार अधिकार मला पोहोचतो, कारण येथे रुजू होणारा जवळजवळ प्रत्येक डॉक्टर येथून जाण्याचीच तयारी करीत असतो.

देश निवडताना घाई करू नये. इंग्लंडला जायचे असल्यास परदेशी डॉक्टरांसाठीच्या प्लॅब परीक्षेचा दुसरा भाग मँचेस्टरला जाऊन द्यावा लागतो, आणि त्यात पोटदुखीचा अभिनय करणाऱ्या नटासमोर आठ मिनिटांत कळवळा व्यक्त करावा लागतो. त्याचा सराव येथील ओपीडीत करू नये. येथील पोटदुखी खरी असते आणि तिला गुण मिळत नाहीत. जर्मनी निवडल्यास बी-टू पातळीपर्यंत जर्मन आणि त्यावर वैद्यकीय भाषेची वेगळी परीक्षा, एवढे आपण वर्षभरात सहज उरकाल. येथील आदिवासींच्या कोरकू भाषेत ‘कुठे दुखते’ हे विचारणे मात्र फार अवघड असल्याने त्या वाटेला जाऊ नये. त्यासाठी आशाताई आहेत.

आपल्याविरुद्ध काही तक्रार नाही असे सांगणाऱ्या, वैद्यकीय परिषदेच्या ‘गुड स्टँडिंग’च्या दाखल्याचा अर्ज करण्यापूर्वी नावाचे स्पेलिंग दहावीच्या सनदेशी जुळवून घ्यावे.

शासकीय महाविद्यालयात शिकला असाल, तर एक वर्षाची बंधपत्रित सेवा करावी किंवा 10 लाख रुपये भरावेत, असा नियम आहे. त्यातला ‘किंवा’ आपल्यासाठीच घातलेला आहे, असे समजावे.

आता शिफारसपत्राकडे वळू. अमेरिकेत रेसिडेन्सीचा, म्हणजे तेथील पदव्युत्तर प्रशिक्षणाचा, अर्ज करताना एका प्रोग्रॅमला जास्तीत जास्त चार शिफारसपत्रे जोडता येतात. पत्र लिहिणाऱ्याने ते स्वतः पोर्टलवर चढवायचे असते, आणि ते वाचण्याचा हक्क अर्जदाराने सोडून दिला असल्यास पत्राचे वजन वाढते. या नियमाचा मान राखण्याची उत्तम रीत म्हणजे पत्र आपणच लिहून वरिष्ठांकडे सहीला पाठवावे. जे स्वतःच लिहिले, ते वाचण्याचा प्रश्नच उरत नाही. मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे रुजू झालेल्या आणि नऊ दिवसांनी 10 लाख भरून मोकळे झालेल्या एका तरुण डॉक्टरांनी गेल्या मंगळवारी मला नेमके हेच पाठवले. त्या दिवशी दुपारपासून वीज नव्हती आणि बाळंत झालेल्या एका बाईचे रक्त थांबत नव्हते. सिस्टरने बॅटरी धरली होती, ऑक्सिटोसिनची ड्रिप चालू होती, मी गर्भाशय चोळत होतो, आणि घाटात झाड आडवे पडल्यामुळे 108 ची गाडी पलीकडे अडकून होती. बारा-चौदा जणांनी कुऱ्हाडीने झाड तोडून वाट केली तेव्हा कुठे बाईला घेऊन गाडी धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे रवाना झाली. त्यानंतर मी टाकीमागच्या टेकाडावर चढलो, कारण रेंज तेथेच मिळते. मला त्या रुग्णालयाला रक्ताची तयारी ठेवायला सांगायचे होते. फोनवर पहिला संदेश आला तो असा : ‘गुड ईव्हनिंग सर, काइंडली साइन अँड अपलोड, थोडे अर्जंट आहे.’

सोबतच्या पत्रात म्हटले होते की, अर्जदाराने अतिदुर्गम आदिवासी भागात, विजेच्या व साधनांच्या अभावी, प्रदीर्घ काळ सेवा केली आणि गुंतागुंतीच्या अनेक प्रसूती विलक्षण शांतपणे हाताळल्या. पत्रातील शांतपणा खरा आहे, कारण त्या प्रसूती चालू असताना अर्जदार परतवाडा शहरात होते. त्या नऊ दिवसांत दोन रविवार होते. दोन दिवस बँकेच्या आणि कागदपत्रांच्या कामात गेले. आणि एका सकाळी एका कोरकू पोराला कडेवर घेऊन फोटो काढण्यात आला. अर्जासोबतच्या ‘पर्सनल स्टेटमेंट’चा पहिला परिच्छेद त्याच पोराच्या डोळ्यांवर लिहिलेला आहे, असे मला नंतर अभिमानाने कळवण्यात आले. त्याच्या दंडाचा घेर मात्र कोणी मोजला नाही. तो साडेअकरा सेंटिमीटरच्या आत होता, म्हणजे तीव्र कुपोषण, आणि हे पुढच्या आठवड्यात अंगणवाडीताईंना कळले. फोटो काढताना जो हात पोराच्या दंडाभोवती होता, तो डॉक्टरचा होता!

असो. सूचना राहून जातात.

अमेरिकेतील या प्रशिक्षणाच्या जे-वन व्हिसासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचे पत्र लागते. या विषयातील डॉक्टरांची भारताला गरज आहे आणि शिक्षण संपताच परत येण्याची लेखी हमी अर्जदाराने दिली आहे, असे त्यात लिहिलेले असते. हे पत्र जपून ठेवावे, वाचू नये. शिक्षणानंतर परतून दोन वर्षे मायदेशी राहण्याची या व्हिसाची अट पुढे जाचू लागल्यास ‘कॉनराड 30’ नावाची सवलत आहे. तिच्यानुसार अमेरिकेतील ज्या भागांत डॉक्टर मिळत नाहीत, अशा भागांत तीन वर्षे पूर्णवेळ काम केले की अट माफ होते. म्हणजे डॉक्टर न मिळणाऱ्या गावी राहायला तुमची ना नाही. तेथे तीन वर्षे चालतात, करारावर सही करून चालतात. एक वर्ष तेवढे धारणीला जड होते.

आता मला क्वार्टर गळते हे सांगू नका, मी त्याच क्वार्टरात राहतो. पगार वेळेवर होत नाही, साप चावलेला रुग्ण दगावला की लोक अंगावर येतात, भरतीची फाइल वर्षानुवर्षे हलत नाही, हे सगळे खरे आहे आणि त्यासाठी ज्यांना शिव्या द्यायच्या, त्यांना मी मुदतीत, जावक क्रमांकासह देत असतो. शिकायला जाऊ नका, असेही माझे म्हणणे नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग जॉन्स हॉपकिन्सला शिकूनच गडचिरोलीत आले. तसे सर्वांना जमत नाही, जमायलाच हवे असेही नाही. तुला जायचे आहे, जा. परत यायचे नसेल, नको येऊस. पण जे केले नाहीस, ते आमच्या बायांच्या नावावर खपवू नकोस. ती बाई वाचली, ती सिस्टरमुळे आणि कुऱ्हाड चालवणाऱ्यांमुळे. त्यांच्यापैकी कोणाला तुझे नावही ठाऊक नाही. हेच तू शिफारसपत्रात घालतोस आणि वर मला अर्जंट आहे म्हणून सांगतोस. लाज वाटायला हवी होती.

तुझे पत्र मी काल पोर्टलवर चढवले. मसुदा तुझा नाही, माझा आहे, आणि त्यात चारच वाक्ये आहेत : रुजू झाल्याची तारीख, कार्यमुक्तीची तारीख, हजेरीपटावरील नऊ सह्या, आणि त्यांपैकी पाच एकाच दिवशी, एकाच पेनाने केलेल्या दिसतात, ही नोंद.