'वन हिट वंडर' म्हणणं बंद करूया का?

गेले काही आठवडे रोज रात्री हेडफोन लावून एकच उद्योग चाललाय माझा. साठ ते ऐंशीच्या दशकातले असे गायक शोधायचे ज्यांचं एकच गाणं जगाला माहितीये, म्हणजे ज्यांना 'वन हिट वंडर' म्हणतात, आणि मग त्यांची बाकीची गाणी ऐकायची. ते एक गाणं आपण शंभर वेळा ऐकलेलं असतं, गुणगुणताही येतं, पण गायलंय कोणी विचारलं की गप्प.

सुरुवात क्यू साकामोतो या जपानी गायकापासून झाली. 'सुकियाकी', १९६३ च्या जूनमध्ये अमेरिकेत तीन आठवडे एक नंबरला होतं, आणि तेही अख्खं जपानीत! आता सुकियाकी हा खायचा पदार्थ, गाण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही, मूळ नाव बाहेरच्यांना उच्चारायला जड जाईल म्हणून हे चिकटवलं. खरं नाव 'उए ओ मुइते आरुको', म्हणजे वर बघत चालूया, का तर डोळ्यातलं पाणी खाली सांडू नये. रोकुसुके एई यांनी हे शब्द लिहिले ते १९६० च्या अमेरिका-जपान सुरक्षा कराराविरुद्धच्या निदर्शनांतून निराश होऊन परत येताना सुचलेल्या भावनेतून, आणि तेच गाणं अमेरिकेतच डोक्यावर घेतलं गेलं, एका पदार्थाच्या नावानं. हे कळल्यावर मी परत ऐकलं तर त्यातली शिट्टी ऐकवेना. शब्द थांबतात आणि तो नुसती शिट्टी वाजवत राहतो, इतकं एकटं वाटतं ना ते. जपानमध्ये हा माणूस प्रचंड मोठा स्टार होता, गाणी, सिनेमे, टीव्ही सगळं. १९८५ च्या ऑगस्टमध्ये विमान अपघातात गेला, अवघा ४३ वर्षांचा. आणि आपण याला एका गाण्याचा गायक म्हणायचं?

मग लक्षात आलं की हा शिक्का बहुतेक वेळा अमेरिकेची लोकप्रिय गाण्यांची यादी बघून मारलेला असतो. जर्मन गायिका नेनाचं '९९ लुफ्टबलॉन्स' तिथे दोन नंबरपर्यंत गेलं, पुढे काही नाही, पण जर्मनीत ती बाई कित्येक दशकं गाजतेय. डेक्सीज मिडनाइट रनर्स या बँडचं 'कम ऑन आयलीन' घ्या, अमेरिकेत गाजलं ते तेवढं एकच, पण ब्रिटनमध्ये त्याच्या दोन वर्षं आधीच त्यांचं 'जीनो' एक नंबरला जाऊन आलेलं.

आणि 'कुंग फू फायटिंग'! १९७४, गायक कार्ल डग्लस, आणि निर्माता बिड्डू, हो आपला बंगळूरचा बिड्डू, ज्यानं नंतर 'आप जैसा कोई' आणि 'मेड इन इंडिया' केलं तोच. गंमत म्हणजे हे गाणं बी-साइडसाठी, म्हणजे रेकॉर्डच्या मागच्या बाजूसाठी होतं. सगळा वेळ दुसऱ्याच गाण्यात गेला आणि उरलेल्या दहाएक मिनिटांत हे घाईघाईत उरकलं. रेकॉर्ड कंपनीच्या माणसानं ऐकलं आणि म्हणाला हेच पुढे करा. मला याचं फार अप्रूप वाटतं, कारण त्या दिवशी स्टुडिओत कुणालाच कल्पना नसणार की ही दहा मिनिटं त्या गायकाच्या नावाला जन्मभर चिकटणारेत.

बगल्स या बँडबद्दल तर अजूनच बोलायचंय. 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार', १९७९ चं, १ ऑगस्ट १९८१ ला एमटीव्ही सुरू झालं तेव्हा पहिलं वाजलेलं गाणं. त्यातला ट्रेव्हर हॉर्न पुढे ऐंशीच्या दशकातल्या सगळ्यात वजनदार निर्मात्यांपैकी एक झाला, म्हणजे आपण त्याचं काम ऐकत होतोच, फक्त नाव दुसऱ्याचं होतं. पण प्लीज त्यांचा १९८० चा 'द एज ऑफ प्लास्टिक' हा अल्बम पूर्ण ऐका, मधूनमधून नाही, सलग. त्यात 'एल्स्ट्री' म्हणून एक गाणं आहे, त्या नावाच्या इंग्लंडमधल्या फिल्म स्टुडिओत छोटी-छोटी कामं केलेला एक नट जुने दिवस आठवतोय. मी ते काल रात्री सलग चार वेळा ऐकलं.